शाळेच्या कपाटातल्या टीव्ही-कार्यक्रमांच्या कॅसेटी: नोंद कशाची करायची?

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही माध्यमिक शाळेत मराठी शिकवता आणि जूनपासून ग्रंथालयाचा कार्यभारही तुमच्याकडे आला आहे. कपाट उघडल्यावर टीव्हीवरून टेप करून घेतलेल्या कार्यक्रमांच्या सव्वाशेच्या वर व्हीएचएस कॅसेटी, पन्नासेक डीव्हीडी आणि कोरोनाच्या काळातले टीव्हीवरचे पाठ भरून ठेवलेली एक हार्ड डिस्क निघाली. कॅसेटींवर ‘विज्ञान ३’, ‘दूरदर्शन – चांगले’, ‘इतिहास आठवी’ एवढंच लिहिलेलं आहे, काहींवर तेही नाही. मुख्याध्यापकांना लेखापरीक्षणाआधी यादी हवी आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: यांना ड्यूईचा (पुस्तकांना विषयाप्रमाणे अंक देण्याच्या ड्यूई पद्धतीतला) कोणता वर्गांक द्यायचा, आणि लेखकाच्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं.

दोन्हींची उत्तरं पुढे देते. पण मी कोकणातल्या एका हायस्कुलात सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होते आणि हेच काम दोनदा केलं आहे. पहिल्यांदा चुकीचं केलं म्हणून दुसऱ्यांदा करावं लागलं. त्या अनुभवावरून सांगते की खरी अडचण वर्गांकाची नाही. पुस्तक हातात घेतलं की शीर्षकपान दिसतं, अनुक्रमणिका दिसते, पाच मिनिटं चाळलं की आत काय आहे ते कळतं. कॅसेट चाळता येत नाही. मशीन असेल तरच, आणि तेही तासनतास बसून पाहिलं तरच आतलं कळतं. भूगोलाच्या शिक्षकांना पाचवा तास सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मिळतात, त्यात ते ‘विज्ञान ३’ लावून बघणार नाहीत. म्हणजे शीर्षकपान, अनुक्रमणिका आणि चाळणं ही तिन्ही कामं तुमच्या नोंदीलाच करायची आहेत.

म्हणून नोंद कार्यक्रमाची करा. कॅसेट हे फक्त तो कार्यक्रम ठेवलेलं ठिकाण आहे. तीन तासांच्या एका कॅसेटमध्ये वीस-वीस मिनिटांचे सात-आठ कार्यक्रम सहज असतात: एक पाण्याच्या वाफेवर, एक संत तुकारामांवर, एक कुष्ठरोगावर. आमच्याकडे मी पहिल्यांदा केलेल्या नोंदींमध्ये अशा कॅसेटला एकच ओळ होती, ‘शैक्षणिक कार्यक्रम, विविध’. ती कॅसेट नऊ वर्षांत एकदाही कोणी मागितली नाही. दुसऱ्यांदा तिच्या सात नोंदी केल्या, तेव्हा त्याच वर्षी ती चार वेळा वर्गात गेली.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. चालू व्हीसीआर, म्हणजे व्हीएचएस कॅसेट लावायचं मशीन, तुमच्याकडे आहे का? नसेल तर आधी तो मिळवा. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे आता जे काही आहे ते जुनंच. गावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या फोटोग्राफरकडे बहुधा असतो आणि कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घ्यायची सोयही असते. दुसरं, तुमच्याकडे वेळ किती आहे? एकशेतीस कॅसेटी गुणिले तीन तास म्हणजे तीनशेनव्वद तास. मराठीचे तास सांभाळून हे होणार नाही, आणि करूही नये. आधी निवड करा.

निवडीचा माझा नियम असा की जे दुसरीकडे मिळतं ते शेवटी आणि जे कुठेच मिळणार नाही ते आधी. प्रसार भारतीने दूरदर्शनच्या बऱ्याच जुन्या मालिका स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर ठेवल्या आहेत. श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ तुमच्या कपाटात असण्याची शक्यता मोठी, कारण १९८८ साली ती कितीतरी शाळांनी टेप केली होती. ती तिथे पाहता येते, म्हणून ती कॅसेट वाचवण्यात शक्ती घालवू नका. उलट बालचित्रवाणीचे कार्यक्रम पुढे घ्या. १९८४ साली पुण्यात सुरू झालेली ही संस्था शासनाने २०१७ मध्ये बंद केली. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी, मराठीत, आपल्या मातीतली उदाहरणं घेऊन केलेलं ते काम आहे आणि तुमच्या कॅसेटवरचा एखादा भाग सहज सापडणारा नसेल. त्याहून पुढे घ्या स्थानिक गोष्टी. मुंबई दूरदर्शनने तुमच्या तालुक्यातल्या दशावतारी कलाकाराची किंवा बचत गटाची मुलाखत दाखवली असेल, केबलवाल्याने गावच्या शाळेच्या शताब्दीचं वृत्त दिलं असेल, ते जगात फक्त तुमच्याच कपाटात असू शकतं.

कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी एक करा. तिच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. पांढरट धागे किंवा पावडर दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, कारण बुरशी मशीनच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही लागते. ती वेगळ्या पिशवीत बाजूला ठेवा आणि तिच्यावर तसं लिहा. आमच्या दमट हवेत एका पावसाळ्यात अकरा कॅसेटी गेल्या त्या अशाच, एकीमुळे. जी कॅसेट निरोगी आहे तिच्या कडेवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी तिच्यावर दुसरं काही टेप करणार नाही. मग ती पूर्ण मागे गुंडाळून उभी ठेवा, आडवी नको.

पाहताना पूर्ण पाहू नका. सुरुवातीची तीन मिनिटं पाहा, मग फास्ट फॉरवर्ड करत पुढचा कार्यक्रम कुठे सुरू होतो ते शोधा, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी श्रेयनामावली येते तिथे पॉज करा. नावं, संस्था, वर्ष तिथेच मिळतं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये चुकून टेप झालेली निवेदिका, बातम्यांचा तुकडा, जाहिरात हे पुसायच्या मागे लागू नका. तारीख ठरवायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही.

एक उदाहरण देते. आमच्याकडे एका कॅसेटवर नुसतं ‘सूर्यग्रहण’ लिहिलेलं होतं. सगळे ती १९९९ ची समजत होते, कारण ११ ऑगस्ट १९९९ चं खग्रास सर्वांच्या आठवणीत ताजं होतं. मी पाहिलं तर आकाश स्वच्छ आणि सूर्य वर चढत चाललेला. १९९९ चं ग्रहण आपल्याकडे संध्याकाळचं होतं, आणि ऐन पावसाळ्यातलं. शिवाय मध्येच एक जाहिरात दिवाळीच्या शुभेच्छा देऊन गेली. म्हणजे ते २४ ऑक्टोबर १९९५ चं, राजस्थानपासून बंगालपर्यंत सकाळी दिसलेलं आणि दूरदर्शनने थेट दाखवलेलं ग्रहण होतं. त्या वर्षी ग्रहण दिवाळीतच आलं होतं. आता ही तारीख नोंदीत आहे म्हणून विज्ञानाच्या बाई ‘आपल्या आईबाबांनी लहानपणी पाहिलेलं ग्रहण’ म्हणून ते वर्गात लावू शकल्या.

आता नोंद कशी लिहायची ते.

शीर्षक पडद्यावर जसं दिसतं तसं घ्या, कॅसेटच्या चिकटपट्टीवरचं नको. ती चिकटपट्टी कोणीतरी घाईत लिहिलेली असते. पडद्यावर शीर्षकच नसेल, कारण टेप करायला उशीर झाला म्हणून सुरुवात गेली, तर तुम्ही स्वतः नेमकं नाव द्या आणि ते चौकटी कंसात घाला, म्हणजे पुढच्या माणसाला ते तुम्ही दिलेलं आहे हे कळेल. मालिका असेल तर आधी मालिकेचं नाव, मग भाग क्रमांक, मग भागाचं नाव.

लेखकाचा रकाना मोकळा सोडा. टीव्हीचा कार्यक्रम एका माणसाचा नसतो. त्यात दिग्दर्शक, निर्माता, संहितालेखक, निवेदक, तज्ज्ञ असे सगळे असतात. म्हणून तालिकाशास्त्रात, म्हणजे ग्रंथालयाची सूची करण्याच्या शास्त्रात, अशा साहित्याची मुख्य नोंद शीर्षकाखाली करतात आणि माणसांची नावं जोडनोंदी (त्या नावानेही शोधता यावं म्हणून केलेल्या जास्तीच्या नोंदी) म्हणून देतात. ‘भारत एक खोज’ नेहरूंच्या पुस्तकावर आधारलेली आहे म्हणून लेखकाच्या जागी जवाहरलाल नेहरू लिहिलेली तालिकापत्रं मी पाहिली आहेत. ते चुकीचं आहे. ‘आधारित’ ही टीप खाली द्या, आणि दिग्दर्शक म्हणून बेनेगलांची जोडनोंद करा. शाळेच्या ग्रंथालयात सगळी श्रेयनामावली उतरवायची गरज नाही. ज्या नावाने कोणी शोधेल तेवढीच घ्या. कार्यक्रमात बोललेला शास्त्रज्ञ किंवा स्थानिक कलाकार मात्र सोडू नका.

तारखांचा घोळ सगळ्यात जास्त होतो. कार्यक्रम तयार झाला ते वर्ष वेगळं, दाखवला गेला ती तारीख वेगळी, आणि तुम्ही कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतला तो दिवस वेगळा. तिन्ही वेगळ्या ओळींवर लिहा आणि कोणती कसली ते शब्दांत सांगा. अंदाजाची तारीख असेल तर ‘अंदाजे’ म्हणा आणि अंदाज कशावरून केला ते अर्ध्या ओळीत लिहा. प्रकाशकाच्या जागी काहीही भरू नका. टीव्हीवरून टेप केलेली प्रत ही प्रकाशित वस्तू नाही. तिथे ‘शाळेने टेप केलेली प्रत’ एवढंच लिहा आणि वाहिनीचं नाव प्रक्षेपणाच्या टिपेत द्या.

कॅसेटमधली जागा सांगताना व्हीसीआरचा काउंटर वापरू नका. आमच्या जुन्या नोंदवहीत ‘काउंटर १२४०’ असं होतं. मशीन बदललं आणि सगळे आकडे निरर्थक झाले, कारण जुने काउंटर फितीची लांबी मोजत नाहीत, चाकाचे फेरे मोजतात. सुरुवातीपासूनचे तास-मिनिटं द्या. ती प्रत्येक मशीनवर तीच राहतात.

आणि सारांश. याच्यासाठी वेळ घाला, बाकी कशात घालू नका. तीन-चार ओळी पुरतात, पण त्यात ‘अतिशय माहितीपूर्ण व रंजक कार्यक्रम’ असं लिहू नका. पडद्यावर काय दिसतं ते लिहा, आणि उपयोगाचा तुकडा कोणत्या मिनिटाला आहे ते लिहा. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा, त्यात मुलांना आणून बसवण्यात सात मिनिटं जातात. शिक्षकाला पूर्ण कार्यक्रम कधीच नको असतो, पाच मिनिटांचा तुकडा हवा असतो. ग्रहणाच्या त्या कॅसेटची नोंद मी अशी केली होती:

[खग्रास सूर्यग्रहणाचं थेट प्रक्षेपण]. दूरदर्शन, २४ ऑक्टोबर १९९५, सकाळ. तारीख आतल्या पुराव्यावरून. शाळेने टेप केलेली प्रत, सुरुवात नाही. ४८ मिनिटं, रंगीत, हिंदी व इंग्रजी निवेदन. कॅसेट व्ही-४७, ० तास ५२ मिनिटांपासून. खग्रास स्थितीच्या थोडं आधीपासून थोडं नंतरपर्यंत. १९ व्या मिनिटाला हिऱ्याच्या अंगठीचं दृश्य, लगेच पुढे प्रभामंडळ. ३० व्या मिनिटानंतर आवाज अस्पष्ट. इयत्ता सहावी ते दहावी. विषय: सूर्यग्रहण, सूर्य, चंद्र, सावली. वर्गांक ५२३.७८. वापर: फक्त शाळेत.

आवाज अस्पष्ट आहे, चित्र हलतं आहे हेही नोंदीत लिहा. वर्गात पन्नास मुलांसमोर ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं शिक्षकांना बरं.

विषय देताना एक चूक मी केली होती ती तुम्ही करू नका. मी ‘इयत्ता सातवी, सामान्य विज्ञान, धडा ९’ असं लिहिलं होतं. तेव्हा शिक्षकांना ते फार सोयीचं वाटलं. पण बालभारतीची पुस्तकं बदलतात. पुस्तक बदललं, धडे सरकले आणि दोनशेच्या वर पत्रं मला पुन्हा लिहावी लागली. धड्याचा क्रमांक देऊ नका, धड्यातली संकल्पना द्या: ‘प्रकाशाचं परावर्तन’, ‘खारफुटी’, ‘अष्टप्रधान मंडळ’. इयत्ता नेमकी एक न देता पट्टा द्या, सहावी ते आठवी असा.

आता तुमचा वर्गांकाचा प्रश्न. बरेच जण टीव्हीचं म्हणून सगळं ७९१.४५ मध्ये टाकतात. तो अंक दूरदर्शन या माध्यमाविषयीच्या साहित्याचा आहे. ग्रहणाचा कार्यक्रम ग्रहणाच्या पुस्तकांच्या अंकातच जायला हवा, महाराष्ट्राच्या इतिहासाचा ९५४.७९२ मध्ये. म्हणजे मुलाने ग्रहण शोधलं की पुस्तक आणि कार्यक्रम एकाच ठिकाणी सापडेल. पण हा वर्गांक फक्त तालिकेत द्या, कपाटात कॅसेटी वर्गांकाने लावू नका. एकाच कॅसेटमध्ये सात विषय असल्यावर ती कोणत्या अंकाखाली ठेवणार? कपाटात सरळ व्ही-१, व्ही-२ असा चालू क्रमांक ठेवा, डीव्हीडींना डी-१, डी-२.

हे सगळं कशात लिहायचं हे तुमच्या शाळेवर आहे. कोहा किंवा ई-ग्रंथालय ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअर चालू असतील तर मार्कच्या (कॉम्प्युटरवरच्या ग्रंथालय-नोंदींच्या ठरलेल्या नमुन्याच्या) चौकटीत सगळ्याला जागा आहे, प्रत्येक रकान्याला एक क्रमांक: शीर्षक २४५ मध्ये, सारांश ५२० मध्ये, प्रक्षेपणाची तारीख ५१८ मध्ये, कोणत्या इयत्तेसाठी ते ५२१ मध्ये, वापराच्या अटी ५४० मध्ये. नसेल तर एक्सेलची एक शीट पुरते, प्रत्येक कार्यक्रमाला एक ओळ. शाळेच्या नोंदीच्या वह्यांसाठी मात्र गणित उलटं आहे. तिथे पैसे दिले ते कोऱ्या कॅसेटचे, म्हणून दृक्श्राव्य साहित्याच्या दाखल नोंदवहीत कॅसेटीची नोंद एकच. या कॅसेटी पूर्वी कोणी जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) चढवल्या आहेत का ते आधी बघा, नाही तर एकच वस्तू दोन वह्यांत येईल आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतील. मुख्याध्यापकांना द्यायची यादी या नोंदवहीतून तयार होईल, एका आठवड्यात. कार्यक्रमांची तालिका वर्षभर चालू द्या. दोन्ही एकत्र करायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतील.

वापराच्या अटींविषयी थोडं. मी वकील नाही, ग्रंथपाल म्हणून जे पाळत आले ते सांगते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ३९ वं कलम खऱ्या अध्यापनासाठी प्रक्षेपण टेप करून घ्यायला मुभा देतं. ५२ व्या कलमात शाळेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवण्याची मुभा आहे. या मुभेचा अर्थ तेवढाच घ्यायचा. कॅसेट शेजारच्या क्लासला भाड्याने द्यायची नाही, कॉम्प्युटरवर घेतलेली प्रत यूट्यूबवर चढवायची नाही, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. कोणी म्हणेल की पंचवीस वर्षं झाली, आता सगळं खुलं. पंचवीस वर्षांची मुदत प्रक्षेपण करणाऱ्याच्या हक्काची आहे, कार्यक्रमाच्या स्वतःच्या हक्काची मुदत साठ वर्षांची आहे. म्हणून प्रत्येक नोंदीत ‘फक्त शाळेत’ लिहा. तुमची बदली झाल्यावर पुढच्या माणसाला हे सांगायला तुम्ही तिथे नसाल.

डीव्हीडींचं काम कॅसेटींच्या आधी उरका, ते झटपट होतं. घरी लिहिलेल्या डीव्हीडी छापील डीव्हीडीइतक्या टिकत नाहीत. दहा-पंधरा वर्षांत काही वाचता येईनाशा होतात. काही डीव्हीडी फक्त ज्या रेकॉर्डरवर केल्या त्याच्यावरच चालतात, कारण शेवटी त्या फायनलाइज करायच्या, म्हणजे इतर मशीनवर चालतील अशा पक्क्या करायच्या, राहून गेल्या. तो रेकॉर्डर शाळेत कुठे पडला असेल तर भंगारात द्यायच्या आधी त्या तिथे लावून फायनलाइज करून घ्या. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक शाळेच्या ऑफिसात, एक ग्रंथालयात. फाइलला नाव देताना नोंदीचाच क्रमांक द्या, व्ही-४७ मधला दुसरा कार्यक्रम असेल तर तेवढंच आणि प्रक्षेपणाची तारीख.

तुमच्या त्या हार्ड डिस्कवर २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर आलेल्या ‘टिलीमिली’चे भाग असतील असं मला वाटतं. शाळा बंद होत्या तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ते रोज लागायचे. हे शेकडो भाग एकेक करून नोंदवू नका. इथे मालिका एकसारखी आहे, इयत्तावार आहे, क्रम ठरलेला आहे. म्हणून प्रत्येक इयत्तेसाठी एक नोंद करा आणि तिच्यातच भागांची यादी द्या. एखादा भाग तुमच्या शिक्षकांनी पुन्हा पुन्हा मागितला तर त्याची स्वतंत्र नोंद तेव्हा करा. कॅसेटीतल्या सात वेगवेगळ्या कार्यक्रमांना सात नोंदी आणि या शेकडो भागांना आठ, हे विसंगत वाटेल, पण दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला आहे: शोधणारा काय म्हणून शोधेल? आणि हो, त्या डिस्कवर मोबाइलने टीव्हीसमोर धरून काढलेले व्हिडिओ असले आणि त्यात घरातली मुलं, त्यांची नावं ऐकू येत असली, तर ते तालिकेत घेऊ नका.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आधी चालू क्रमांक टाकून दाखल नोंदवही आणि मुख्याध्यापकांची यादी, मग डीव्हीडींच्या प्रती, मग बुरशीची तपासणी, आणि मग आठवड्याला दोन कॅसेटी पाहून कार्यक्रमांच्या नोंदी.

ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही त्या कॅसेटी तुम्ही शेवटी ठेवायचं ठरवलं आहे असं लिहिलं आहे. माझा आग्रह आहे की कॅसेटी पाहायला सुरुवात केलीत की त्या पहिल्या आठवड्यातच लावा. निर्लेखनाची, म्हणजे जुनं साहित्य नोंदवहीतून काढून टाकायची, वेळ आली की बिननावाच्या कॅसेटीच आधी जातात, आणि आत काय होतं ते मग कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडच्या अशाच एका कॅसेटमध्ये आमच्या शाळेच्या मुलींचं लेझीम होतं, प्रजासत्ताक दिनाच्या बातम्यांत दाखवलेलं, दीड मिनिटाचं. त्यातल्या दोघी तेव्हा आमच्याच शाळेत शिक्षिका होत्या.